शंभर पावलांवर एक खुर्ची

विजेच्या खांबाशी पोचल्या आणि अखिलाबाई थबकल्याच.

रोज इथूनच त्या माघारी फिरत. घरापासून खांबापर्यंत एकशे दहा पावलं झाली, की दम लागायचा, गुडघे बोलायला लागायचे, आणि टेकायला म्हणाल तर काही नाही… एका अंगाला उघडं गटार, दुसऱ्या अंगाला बंगल्यांच्या उंच भिंती. आज मात्र खांबापाशी, कडुनिंबाच्या सावलीत प्लास्टिकच्या दोन लाल खुर्च्या होत्या. एकीवर पांढरी वेष्टी, म्हणजे इथलं धोतर, नेसलेले एक उंच गृहस्थ बसले होते.

"बसा, बाई," ते म्हणाले. चक्क मराठीत.

अखिलाबाई दचकल्या. नवरा गेल्यावर मुलानं, प्रद्युम्ननं, तंजावरच्या वल्लम रस्त्यावरच्या या नव्या नगरात घर बांधलं, त्याला दोन वर्षं होत आली. एवढ्या काळात उंबऱ्याबाहेर मराठीचा शब्द कानी पडला नव्हता.

"मी मराठी, हे तुम्हांस कसं कळलं?"

"काल तुम्ही त्या काळ्या कुत्र्यास रागावलात. 'मेल्या, वाट सोड' म्हणालात." ते हसले नाहीत, पण मिशी हलली. "कुत्रा तमिळ आहे, त्याला काय कळणार? मला कळलं."

अखिलाबाई बसल्या. खरं म्हणजे पायांनीच त्यांना बसवलं.

सेतुमाधवराव त्यांचं नाव. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, अडुसष्ट वर्षांचे. खांबासमोरच्या घरात वरच्या मजल्यावर एकटे राहत. बायको तीन वर्षांपूर्वी गेली, लेक कोइमतूरला.

"माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय," ते म्हणाले. "शंभर पावलांपुढे पाय चालत नाही. म्हणून फाटकाफाटकाशी विचारून खुर्च्या ठेवल्यात. दर शंभर पावलांवर दोन, थेट बसथांब्यापर्यंत. नऊ ठिकाणं."

"लोकांनी ठेवू दिल्या?"

"निम्म्यांनी वेड्यात काढलं. वेड्याशी वाद कोण घालतो? ठेवू दिल्या."

दुसऱ्या दिवशी अखिलाबाई दुसऱ्या खुर्चीपर्यंत गेल्या. आठवड्याभरात चौथीपर्यंत. सकाळी नऊला सुनेची, हरिताची, ऑफिसची घाई चाललेली असायची, आणि सासूबाई आरशासमोर पदर नीट करत उभ्या असायच्या. त्रेसष्टाव्या वर्षी आपण आरशासमोर इतका वेळ उभ्या राहतो, याचाच त्यांना धक्का बसे.

"ही साडी नवी?" सेतुमाधवराव एकदा चालता चालता म्हणाले.

"रस्त्याकडे बघा. पुढे खड्डा आहे."

"खड्डा पाहूनच बोलतोय."

"मग साडी केव्हा पाहिलीत?"

"ती… लांबूनच दिसली."

अखिलाबाईंनी छत्री कारण नसताना या हातातून त्या हातात घेतली. आकाश भरून आलं होतं, ऐपसी महिन्यातला, दिवाळीच्या सुमाराचा बारीक पाऊस भुरभुरत होता, आणि त्यांना घरी परतावंसं मुळीच वाटत नव्हतं.

चौथ्या आठवड्यात त्या नवव्या खुर्चीपर्यंत पोचल्या. समोर बसथांबा. दोघांनी टाउनबस धरली आणि थेट जुन्या गावात, अखिलाबाई सासरी आल्या त्या गल्लीत उतरले. तिथे दर घरापुढे अजून तिण्णै होती, म्हणजे कुणीही वाटसरूनं टेकावं असा ओटा. अखिलाबाई एका ओट्यावरून उठत, दुसऱ्यावर बसत, ओळखीच्या बायकांशी बोलत गल्लीच्या टोकाला कधी आल्या ते त्यांनाच उमगलं नाही.

"इथे राहत होते तेव्हा देऊळ, बाजार, सगळं पायी करत होते. कधी मोजलं नाही," त्या म्हणाल्या. "नगरात गेले आणि म्हातारी झाले."

"तुम्ही म्हाताऱ्या झाला नाहीत," सेतुमाधवराव म्हणाले. "नगर आखणाऱ्यानं आई घरातच बसणार असं धरून नकाशा काढला."

हे नकाशांचं खूळ एकट्या सेतुमाधवरावांचं नव्हतं. नगरातलीच, आर्किटेक्चर शिकणारी नंदिता याच विषयावर काम करत होती… जुन्या गल्ल्यांतली वयस्क माणसं किती चालतात आणि नव्या वसाहतींतली किती. खुर्च्या मांडल्या त्याच्या थोडं आधी तिनं नगरातल्या बारा जणांच्या मनगटावर पावलं आणि वाट नोंदणारे पट्टे बांधले होते. त्यांत हे दोघेही होते.

महिना संपला तशी ती कागद घेऊन घरी आली.

"मामी, दिवसाला सहाशे पावलं होती तुमची. आता चार हजार झालीत," ती कौतुकानं म्हणाली. "आणि सेतुमाधवमामा तर बघा. पहाटे साडेपाचला निघतात, मोठ्या देवळापर्यंत जाऊन येतात. आठ किलोमीटर."

"बसनं जात असतील."

"पायी, मामी. ही बघा वाट."

अखिलाबाईंनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "थांबत थांबत जातात ना?"

"एकदाही थांबत नाहीत. गंमत म्हणजे नऊ वाजता तुमच्याबरोबर निघतात, तेव्हा मात्र दर शंभर पावलांवर थांबतात."

नंदिता पुढेही बोलत होती. अखिलाबाईंना त्यातलं काही ऐकू आलं नाही. गुडघा, ऑपरेशन… सगळं खोटं? या माणसानं आपली थट्टा केली की दया? दोन्हींपैकी काय जास्त लागलं, ते त्यांना सांगता आलं नसतं.

चार दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत. पाचव्या दिवशी निघाल्या, खांब ओलांडला आणि सरळ समोरच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. सेतुमाधवराव जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. दाढी वाढली होती.

"तुमच्या गुडघ्यास काहीसुद्धा झालेलं नाही," अखिलाबाई म्हणाल्या.

ते उठून उभे राहिले. "नाही."

"मग खुर्च्या?"

त्यांनी खांबाकडे बोट दाखवलं. "माझी बायको अशीच रोज निघायची आणि टेकायला जागा नाही म्हणून मागे फिरायची. पुढे फाटकापर्यंत जाऊ लागली. मग खिडकीपर्यंत. मग पलंगावरून उठेनाशी झाली. मी जन्मभर कालव्याचं पाणी पंचवीस कोस पुढे नेलं… आणि तिच्यासाठी रस्त्यावर एक खुर्ची ठेवायचं मला सुचलं नाही." त्यांनी मान वर करून आपल्या खिडकीकडे पाहिलं. "मग तुम्ही दिसलात. त्याच खांबाशी दम खाणाऱ्या, मागे फिरणाऱ्या. वरून रोज बघत होतो मी. मला बघवेना."

"म्हणजे त्या खुर्च्या तिच्यासाठी."

"पहिली तिच्यासाठी," सेतुमाधवराव म्हणाले. "पुढच्या सगळ्या तुमच्यासाठी."

राग बरोबर घेऊनच अखिलाबाई आल्या होत्या, आता तो सापडेना.

"खरं का नाही सांगितलंत?"

"तुमच्यासाठी आहेत म्हणालो असतो, तर बसला असतात?"

"नसते बसले."

"तेच."

मग अखिलाबाईंच्या तोंडून जे बाहेर पडलं, ते त्यांनाही नवंच होतं.

"आपण लग्न करू या."

सेतुमाधवरावांनी कठडा धरला. आठ किलोमीटर न थांबता चालणारे ते गृहस्थ, त्याच पायरीवर मटकन खाली बसले.

"तुमचा… प्रद्युम्न?" शेवटी ते कसंबसं म्हणाले.

"त्याला धक्का बसेल. बसू दे. मला महिनाभर धक्केच बसतायत."

"लोक?"

"त्यांनी तुम्हांस आधीच वेड्यात काढलंय."

त्यांच्या मिशीचं टोक हललं, पण डोळे भरून आले होते. "मला जरा विचार करायला वेळ द्याल?"

"किती?"

सेतुमाधवरावांनी त्यांच्याकडे पाहिलं… या वेळी जवळून, न लपवता.

"झाला," ते म्हणाले.