दगडावरचा ठेका

अनीशनं माझी भाजीची सुरी घेऊन स्क्वॉशचे चेंडू अर्धे कापायला सुरुवात केली, तेव्हा मी पोह्यांवर शेव भुरभुरत होते. रविवारची सकाळ होती. देवासला टेकडीच्या पायथ्याशी आमचं घर. खालच्या रस्त्यानं पाण्याचा टँकर गेला की कपाटातल्या बशा किणकिणतात.

"ही चार अर्धुकं पालथी ठेवायची, त्यांवर फळी आणि फळीवर रेकॉर्ड प्लेयर," अनीश म्हणाला. "जमिनीची थरथर वर चढतच नाही."

"आणि माझी सुरी?"

"धुऊन देतो ना."

अनीश कॉलेजात वाणिज्य शिकवतो. उरलेला सगळा वेळ तो आवाज सुधारत असतो. स्पीकरखाली त्यानं पितळेचे भोवरे बसवलेत. तारा जमिनीला टेकू नयेत म्हणून त्या लोणच्याच्या बरण्यांच्या झाकणांवर पहुडलेल्या असतात. मध्यंतरी अँप्लिफायरखाली वाळूचा ट्रे आला होता. शेजारच्या मांजरीनं त्याचा आपल्या पद्धतीनं उपयोग केल्यावर तो गेला.

मला हसू येण्याचं खास कारण होतं. मी पीथमपूरच्या एका कारखान्यात गिअरबॉक्सची थरथर मोजते. रोज शिफ्टच्या बसनं जाते, दिवसभर थरथर बघते आणि तसल्याच बसमध्ये थरथरत घरी येते. लोणच्याच्या झाकणांनी गाणं सुधारतं हे माझ्या गळी उतरणं शक्य नव्हतं.

त्याच दुपारी विक्रमसिंह आला. अनीशचा कॉलेजपासूनचा मित्र, धारला राहतो, आणि रोग दोघांना एकच. गाडीच्या डिकीतून त्यानं काळ्या दगडाची एक जाड लादी काढली. दोघांनी मिळून, कण्हत कुंथत, ती आत आणली.

"वहिनी, आमच्या किचनच्या ओट्यातून उरलेला पीस आहे," विक्रमसिंह घाम पुसत म्हणाला. "चेंडूंवर हा ठेवू, ह्याच्यावर प्लेयर. फिर देखना भिया, आवाज कसा खुलतो."

लादी बसली, प्लेयर चढला, रेकॉर्ड लागली. दोघांनी डोळे मिटले.

"खुल गया!" विक्रमसिंह म्हणाला.

"तानपुरा बघ, कसा वेगळा झाला," अनीश म्हणाला.

मला काडीचाही फरक जाणवला नाही. मी पैज लावली. कारखान्यात मोडीत काढलेला एक सेन्सर होता, सुपारीएवढा. साहेबांना विचारून तो घरी आणते म्हटलं. लादीनं फरक पडत नसेल, तर भोवरे, झाकणं आणि दगड, सगळं माळ्यावर जाईल.

पुढच्या रविवारी विक्रमसिंह मुद्दाम धारहून आला. मी सेन्सर आधी जमिनीवर चिकटवला आणि लॅपटॉप उघडला. टँकर गेला, पडद्यावरची रेघ पिसाळल्यासारखी नाचली. मग सेन्सर लादीवर लावला. पुन्हा टँकर गेला. रेघ ताणलेल्या दोऱ्यासारखी सरळ राहिली.

मी पैज हरले. दोघांनी मिळून जो आरडाओरडा केला, तो ऐकून शेजारीण कंपाउंडवरून डोकावली. मी निमूटपणे सगळ्यांना चहा टाकायला उठले.

उठताना पडद्याकडे नजर गेली. रेकॉर्ड थांबली होती, प्लेयर बंद होता. सरळ रेघेवर लहान लहान उंचवटे उमटत होते. एक, मग तेवढंच अंतर सोडून दुसरा.

फ्रिज असेल म्हणून मी फ्रिज बंद केला. मग पाण्याची मोटर बघितली. मग घराचा मेन स्विचच खाली ओढला आणि लॅपटॉप बॅटरीवर ठेवला. पंखे थांबले, खोली एकदम मुकी झाली. उंचवटे येतच होते. मी तार बदलली, सेन्सर काढून जमिनीवर लावला. काही नाही. पुन्हा लादीवर लावला आणि ते होते.

यंत्राची थरथर मी ओळखते. यंत्राला घाई होत नाही, कंटाळाही येत नाही. हे ठोके मधूनच केसभर मागे पडत आणि मग स्वतःला सावरून घेत.

"काय झालं? दिवे का घालवले?" मागच्या व्हरांड्यातून नाना आले. त्यांच्या हातात लसणाची परडी होती.

नाना म्हणजे माझे सासरे, उमाशंकरराव. मुलींच्या शाळेत संगीत शिकवत. तबल्यावर त्यांचा हात फार गोड होता, असं जुनी माणसं सांगतात. मी तो कधी ऐकला नाही. माझ्या लग्नाच्या आधीच त्यांचे कान गेले. कानात यंत्र घातलं की गाणं पत्र्यावर खडे पडल्यासारखं ऐकू येतं, म्हणून ते यंत्र घालत नाहीत. समोर उभं राहून मोठ्यानं, सावकाश बोललं की ओठांवरून समजून घेतात. अनीशनं रेकॉर्ड लावली की ते उठून मागे जात आणि लसूण सोलत बसत. आमच्याकडे सोललेला लसूण कायम जास्तच असे.

मी पडद्याकडे बोट केलं. नाना चष्मा वर सारून बघत राहिले. मग त्यांचं बोट हवेत हलायला लागलं.

"तीनताल आहे की," ते म्हणाले. "हे बघ, इथे ठोके हलके होतात. ही खाली. आणि ही आली सम."

नानांनी परडी खाली ठेवली आणि तळहात लादीवर टेकवला. मीही टेकवला होता, मघाशीच. मला नुसता गार दगड लागला होता. नानांच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू हसू पसरलं.

"हात बरा आहे," ते म्हणाले. "फार बरा आहे. अनीश, लाव बघू काहीतरी. विलंबित लाव."

मेन स्विच वर केला, रेकॉर्ड लावली. ठोके थोडा वेळ थांबले, जणू ऐकून घेत होते. मग गाण्याच्या लयीत शिरले. नाना डोळे मिटून, तळहात दगडावर ठेवून बसले आणि समेवर त्यांची मान बरोबर हलली. पुढच्या समेवरही. अनीश खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. बराच वेळ तो वळलाच नाही.

विक्रमसिंहनं दारापाशी मला हळूच विचारलं, "वहिनी, पत्थर वापस ले जाऊँ?"

"ओट्याच्या आधी हा दगड कुठे होता?"

"दुकानात," तो म्हणाला. "और कहाँ होगा?"

त्यानंतर घराचा नूरच पालटला. नाना दाढी करून, धुतलेला सदरा घालून हॉलमध्ये येऊन बसत. एका तळहातानं ऐकत आणि दुसऱ्या हातानं गुडघ्यावर जवाब देत. जेवताना सांगत, "आज त्यानं काय सुंदर तिहाई घेतली!" अनीशला त्यांनी रागावायला सुरुवात केली, रेकॉर्ड नीट पुसत नाहीस म्हणून. लसूण मलाच सोलावा लागायला लागला.

मला चैन नव्हतं. सुट्टीच्या एका दुपारी नाना झोपलेले असताना मी आणि अनीशनं लादी उतरवली आणि तेवढ्याच जाडीची दुसरी, बाजारातून आणलेली, चढवली. नाना उठले, हात ठेवला. थोडा वेळ थांबले. मग हात उचलून बघितला, पुन्हा ठेवला.

"बाहेर गेला असेल," ते म्हणाले आणि व्हरांड्याकडे निघाले.

ते परडी शोधत होते. मला ते बघवेना. मी अनीशला खूण केली. पहिली लादी पुन्हा जागेवर गेली. कारण कळत नसेल तर यंत्र थांबवावं, हा माझ्या धंद्यातला पहिला धडा. घरी मी तो गुंडाळून ठेवला. सेन्सर तेवढा लावून ठेवला, जुन्या लॅपटॉपला जोडून. नोंद होत राहू दे, एवढंच.

नवरात्राच्या आधीची गोष्ट. मी संध्याकाळी शिफ्टवरून आले, चपला काढत होते. टेकडीवर देवीच्या देवळाला माळांचे दिवे लागले होते. नाना खुर्चीत बसले होते, प्रसन्न.

"आलीस? अगं, काल दुपारी तू त्याच्याबरोबर बसलीस, ते फार बरं केलंस," ते म्हणाले. "मी म्हणतच होतो, शीक. हात कच्चा आहे अजून, पण कान आहे तुला."

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "काल दुपारी, नाना?"

"मी जेवून येऊन हात ठेवला तर दोघं चालू! मला का तुझा हात ओळखू येणार नाही?" ते हसले. "फक्त अंगठी काढून बसत जा, बेटा. बोल फुटतात त्यानं."

काल दुपारी मी पीथमपूरला होते.

मी त्यांना तसं सांगितलं नाही. मान हलवली. ते समाधानानं उठले आणि देवाला दिवा लावायला आत गेले.

मी लॅपटॉप उघडून कालची दुपार काढली. ओळखीचे ठोके होते, शांत, भरीव. त्यांच्यामागून दुसरे येत होते, थोडे उशिरा, अडखळत, कधी चुकून पुढे धावत. या दुसऱ्या हाताच्या प्रत्येक ठोक्याला लागून सुईसारखी एक बारीक, उंच रेघ होती. दगडावर धातू आपटला की येते तशी.

मी नोंद बंद केली. आत्ताची रेघ पडद्यावर आणली. ती सरळ होती.

मी माझा हात लादीवर नेला आणि एकदाच बोटं आपटली.

ठोका उमटला. त्याला लागून ती सुईसारखी रेघ. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली असती तर फरक सांगता आला नसता.

आत नानांनी घंटा वाजवली. मी हात उचलून मांडीवर ठेवला आणि अंगठी दुसऱ्या हातानं झाकून घेतली.

पडद्यावर दुसरा ठोका पडला. मग तिसरा, अंगठीसकट.