मास्तरांच्या खोलीबाहेरची भिंत

फट बुजवायची नाही. तू आधी ऐक, मग ठरव. तुझं घर, तुझ्या फळ्या, मी कोण मध्ये तोंड घालणारा. पण मघाशी जेवताना तू म्हणालास, “काका, बाहेरच्या भिंतीवर सगळ्यात खालच्या फळीखाली बोटभर फट राहिलीय, उद्या पुट्टी भरून टाकतो,” आणि माझा घास हातातच राहिला.

सूनबाई, मोठा दिवा नको लावूस. एवढा उजेड पुरे. आणि धाकटे, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. नंतर मला पाणी आणून द्यायला एकटी आत जायला सांगेन, तेव्हा बघू.

हे घडलं ते गुण्याच्या बाबतीत. मी रंगारी, तो सुतार. वीस वर्षं आम्ही एकत्र कामं केली. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागायचं. सुताराचा काटकोन असतो ना, लोखंडी पातं आणि लाकडी मूठ, त्याला गुण्या म्हणतात. याला सगळं सरळ लागायचं. दुसऱ्याच्या घरी जेवायला बसला तरी ताट पाटाच्या कडेला समांतर करायचा. म्हणून गुण्या.

गावाबाहेर पाण्याच्या टाकीकडे जाणारा रस्ता, त्यावर शेवटचं घर मास्तरांचं. विटांची पातळ भिंत, आणि तिच्यावर बाहेरून फळ्या चढवायच्या होत्या. कौलं कशी एकावर एक चढतात, तशा आडव्या फळ्या. भिंतीवर आधी उभ्या पट्ट्या ठोकायच्या, पट्ट्यांवर फळ्या. म्हणजे वीट आणि फळी यांच्यामध्ये दोन बोटं पोकळी राहते. आत शिरलेलं पाणी त्या पोकळीतून खाली उतरतं, खालच्या फटीतून निघून जातं, आणि तिथूनच वारा वर चढतो. आपल्याकडची हवा कशी दमट, वाळत घातलेला टॉवेलसुद्धा तीन दिवस रुसून बसतो. अशा हवेत ती फट म्हणजे भिंतीचं नाक.

हे गुण्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या घराची जमीन एका अंगाला उतरती होती. फळ्या पाणसळीने, म्हणजे बुडबुड्याच्या पट्टीने मापून, सरळ बसल्या, खालची फट मात्र इकडे बोटभर, तिकडे चार बोटं. रस्त्यावरून येणाऱ्याला ती तिरकी दिसायची. गुण्याला ते सहन होईना. दोन दिवस तो तिच्यासमोर उकिडवा बसून राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती बुजवली, घासून एकसारखी केली. रेघ अशी सरळ आली की मास्तरांनी त्याची पाठ थोपटली.

आणि माझंही सांगतो, लपवत नाही. फळी ठोकण्याआधी तिच्या मागच्या बाजूलाही अस्तराचा, म्हणजे पहिल्या कच्च्या रंगाचा, एक हात द्यायचा असतो. फळ्या ओल्या आल्या होत्या, आभाळ भरलेलं, घाई. गुण्याने विचारलं, “मागून हात फिरवलास?” मी म्हणालो, “मागची बाजू कोण बघतंय?”

मास्तरांची खाट त्याच भिंतीला लागून होती. पहिल्या वर्षी आतल्या गिलाव्यावर काळे ठिपके आले. मास्तरीणबाईंनी चुना मारला. दुसऱ्या वर्षी ते पुन्हा आले, जास्त आले. मास्तरांना खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, यांना ओल सोसत नाही. चौथ्या वर्षी, पावसाच्या ऐन भरात, मास्तर गेले. आम्ही दोघं खांदा द्यायला गेलो होतो. परत येताना गुण्या एवढंच म्हणाला, “ती भिंत उघडून बघायला हवी होती.” मी काही बोललो नाही. तोही पुन्हा बोलला नाही. पाच वर्षं.

तर आता ती रात्र.

मास्तरीणबाईंचा फोन आला गुण्याला. लेक बाळंतीण झाली होती, वीस दिवसांचं बाळ घेऊन सकाळी आठच्या गाडीने माहेरी यायची होती. मास्तरांची खोली तिच्यासाठी रिकामी केली होती. पाळणा त्याच भिंतीशी. बाई म्हणाल्या, “बाहेरून खालच्या दोन फळ्या फुगल्यात, रंगाचे पापुद्रे सुटलेत. पोर यायच्या आत तेवढं बघून घ्याल का?” बुधवार होता, अमावास्येचा दुसरा दिवस. दिवसभर पावसाने डोकं वर काढू दिलं नाही. पावसात भिंत उघडता येत नाही. साडेनऊला उघडीप पडली आणि दहा वाजून दहा मिनिटांनी गुण्या सायकलवर दोन फळ्या बांधून तिथे पोहोचला.

बाईंनी खिडकीतून वायर काढून दिवा लावून दिला. चहा दिला. म्हणाल्या, “ठोकाठोकीचं मनावर घेऊ नका. नातू येणार म्हणून मला तशीही झोप नाही.” आणि पुढच्या खोलीत जाऊन पडल्या.

गुण्याचा बेत साधा होता. दोन फळ्या काढायच्या, दोन बसवायच्या, रंगाचा हात मारायचा, घरी जायचं. वर बघायचंच नाही.

सुतार फळी कशी तपासतो माहितीये? बोटाच्या पेराने वाजवतो. चांगलं लाकूड ठण्ण बोलतं. कुजलेलं भद्द. त्याने खालची वाजवली. भद्द. तिच्या वरची. भद्द. छोटी पहार घातली, तर खिळा न कुरकुरता बाहेर आला, लोण्यातून यावा तसा. फळीची रंगवलेली बाजू अजून गुळगुळीत होती. मागची काळी. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. बोट लावलं तर आत गेलं.

त्याने दोन्ही फळ्या अंगणात ठेवल्या. रंगाची बाजू वर करून. बाईंना दिसायला नको म्हणून.

मग नवी फळी उचलली, आणि वरून आवाज आला.

ठक, ठक.

पेराने वाजवल्यासारखा. त्याला वाटलं, बाई आतून काही सांगतायत. म्हणाला, “काय हो बाई?” खिडकीतून वाकून पाहिलं. खोली रिकामी. नुसता पाळणा.

लाकूड तडकतं, असं म्हणून त्याने तिसरी फळी सहज वाजवली. भद्द. लगेच चौथीवरून, ठक, ठक. आतून. त्याने चौथी वाजवली. भद्द. पाचवीवरून ठक, ठक.

काय म्हणतेस? उंदीर? मलाही तो उंदीरच बरा वाटला असता, धाकटे. पण उंदीर पाळीने वाजवत नाही. आणि ती पोकळी दोन बोटांची.

गुण्याने हात खाली घेतला. वाजवायचं थांबवलं.

आतलं थांबलं नाही.

एकेक फळी वर. सावकाश. जसा तो स्वतः वाजवायचा तसंच… दोनदा, मग जरा थांबून, पुढची. त्याची स्वतःची सवय. खिडकीच्या कडेने आवाज आडवा सरकला. मग पुन्हा खाली आला. खाटेवर उशी जिथे असते, तेवढ्या उंचीवर येऊन थांबला.

ठक.

एकदाच.

“मास्तर…?”

झाडावरून पाणी ठिबकत होतं, तेही थांबल्यासारखं वाटलं त्याला.

अशा वेळी माणूस शहाण्यासारखं वागत नाही रे. गुण्या पळाला नाही, पण त्याने त्याहून वाईट केलं. घाईघाईने दोन्ही नव्या फळ्या लावल्या. दाणदाण खिळे मारले. झाकलं. खालची फटसुद्धा बुजवली, अंगठ्याने पुट्टी दाबून. तशातही रेघ सरळ आली. हे त्यानेच मला नंतर सांगितलं. म्हणाला, “तेव्हाही मी आधी रेघच बघितली.”

कुजक्या फळ्या उचलून न्याव्यात म्हणून तो वळला.

दोन्ही उलट्या होत्या.

काळी बाजू वर.

त्याने आजूबाजूला पाहिलं. अंगणात चिखल. चिखलात पावलं फक्त त्याची. दिव्याच्या उजेडात मोजता येतील इतकी स्वच्छ. आपणच चुकून तशा ठेवल्या असतील, असं म्हणून त्याने त्या पालथ्या केल्या. रंग वर. नळावर हात धुवायला गेला. दहा पावलं. पाठमोरा होता तेवढाच.

परत आला.

काळी बाजू वर…

तो तिथेच चिखलात बसला. किती वेळ, त्याला सांगता आलं नाही. आत पाळणा होता. सकाळी आठला गाडी येणार होती. वीस दिवसांचं पोर त्या भिंतीला लागून श्वास घेणार होतं. आणि हे माहीत असलेलं माणूस जगात एकच जागं होतं, ते अंगणात बसलं होतं.

मग तो उठला. पहार घेतली. आणि अख्खी भिंत उचकटायला लागला.

पावणेचारला माझा फोन वाजला. गुण्या म्हणाला, “मास्तरांच्या घरी ये.” मी म्हणालो, “अरे, तुला झोप नाही का? वाजले किती?” तो म्हणाला, “ये. बाईंना हे माझ्याने एकट्याने सांगवत नाही.”

मी पोहोचलो तेव्हा शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या. वीट उघडी पडली होती. काळीभोर, वरून खालपर्यंत पाझरलेली. वास असा की मी पदर… अगं हसू नकोस, उपरणं नाकाला लावलं. फळ्या अंगणभर पसरल्या होत्या. सगळ्या. एकूण एक. मागची बाजू वर. मी दिला नव्हता तो हात, ती बाजू. मी विचारलं, “अशा का मांडल्यास?” गुण्याने माझ्याकडे पाहिलं. “मी फेकल्या. मी मांडल्या नाहीत.”

बाई दारात उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही. हातात कंदील नव्हता, बॅटरी नव्हती, नुसत्या उभ्या.

गुण्या म्हणाला, “बाई, भिंत आम्ही चुकीची बांधली. वारा कोंडला, पाणी कोंडलं. आणि मास्तर…” मी म्हणालो, “मागून अस्तर मी दिलं नाही.” माझा आवाज मलाच परका वाटला.

बाई अनवाणी खाली उतरल्या. विटेला तळहात लावला. मग तो हात नाकाशी नेला.

“हाच वास,” त्या म्हणाल्या. “यांच्या उशीला यायचा. मी चार वर्षं उशा धूत राहिले.”

आम्ही दोघं मान खाली घालून उभे. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर पाय धरता आले असते. त्या तशाच हात बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “बाळाला कुठे झोपवू, तेवढं सांगा.”

पुढच्या खोलीत झोपवलं. पाऊस सरेपर्यंत ती भिंत आम्ही उघडी ठेवली, वरून नुसता पत्र्याचा आडोसा. वीट पुरी वाळायला उन्हाळा उजाडला. मग नव्या फळ्या घेतल्या, सावलीत महिनाभर रचून वाळवल्या. मागून दोन हात, पुढून दोन हात, कापलेल्या टोकांनाही रंग पाजला. खिळे न गंजणारे. आणि खाली फट ठेवली. तिरकी. इकडे बोटभर, तिकडे चार बोटं. गुण्याने तिच्याकडे बघितलं, डोळे मिटले, आणि हत्यारं पिशवीत भरली. त्या दिवशी त्याने देवापुढे नेम धरला, जिवात जीव असेपर्यंत दरवर्षी पाऊस संपला की ही भिंत स्वतःच्या हाताने धुवायची, शेवाळ काढायचं, एकेक खिळा बघायचा. मी त्याच्यासोबत जायचो. बाई चहा द्यायच्या. माफ केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. पण चहा कधी चुकला नाही, आणि मी तेवढ्यावर समाधान मानतो.

आतून काही वाजलं का पुन्हा? नाही. कधीच नाही. भिंत झाली, पाळणा परत मास्तरांच्या खोलीत गेला, पोर तिथेच वाढलं. सर्दीसुद्धा धड झाली नाही त्याला.

फक्त एक सांगतो, आणि मग झोपायला जा सगळे.

पहिल्याच वर्षी भिंत धुवायला आम्ही पहाटे गेलो. रात्रभर दव पडलं होतं. अख्खी भिंत घामाघूम, थेंब ओघळत होते. आणि पाळण्याच्या बरोबर मागे, बाहेरच्या अंगाला, एवढी जागा कोरडी होती. जमिनीपासून बसलेल्या माणसाच्या खांद्यापर्यंत. भिंतीला पाठ टेकून कुणी रात्रभर बसावं, तेवढी.

गुण्या फडकं पिळत उभा राहिला.

मी पुढे होऊन हात लावला.

लाकूड कोमट होतं.