परत आलेलं कातडं

बेसबॉलच्या ग्लोव्हचं चामडं निवडायला नाक लागतं असं लोकांना वाटतं. दुकानात गिऱ्हाईक ग्लोव्ह उचलतं, तोंडाजवळ नेऊन हुंगतं आणि जाणकारासारखी मान डोलावतं. हुंगोत बापडे. वास तेलाचा असतो, आणि तेल कुठल्याही टाकाऊ कातड्याला पाजता येतं.

मी बावीस वर्षं ग्लोव्हच्या कारखान्यात कातडी निवडते आहे. मी आधी कातडं दुमडते, वरची बाजू आत घेऊन. बारीक, दाट सुरकुत्या पडल्या तर चामडं घट्ट. फुगीर, ढिल्या पडल्या तर त्याचं सहा महिन्यांत पायपुसणं होणार. मग व्रण बघायचे. जिवंतपणी जनावराला कुंपणाची तार लागते, गोचीड चावते, दुसऱ्याचं शिंग लागतं. ती जखम भरून आली की तिथे गुळगुळीत उंचवटा राहतो. मेल्यानंतर सुरी लागली तर काप नुसता काप राहतो, भरून येत नाही. हा फरक मला डोळे मिटूनही कळतो. कळत नसता तर बरं झालं असतं असं मी अजूनही म्हणणार नाही.

माझा धाकटा भाऊ तिसऱ्या बेसवर खेळतो. तिथे चेंडू सरळ अंगावर येतो, विचार करायला सवड नसते. ग्लोव्हच्या, म्हणजे डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं बोट त्याचं दोनदा मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा मोडलं तर काढावं लागेल. आई म्हणाली, खेळ बंद. संघाची निवड तीन आठवड्यांवर आली होती, आणि हा पठ्ठ्या कोणाशी न बोलता मागच्या भिंतीवर चेंडू मारत बसायचा. मला ते बघवेना.

"तू खेळणार," मी त्याला सांगितलं. "बोटाला धक्का लागू देणार नाही असं चामडं मी शोधते."

"असं चामडं असतं का, ताई?"

"नसलं तर आता असेल."

त्याच आठवड्यात कारखान्यात आलेल्या गठ्ठ्यात ते कातडं होतं. तांबूस, जड, मागच्या डाव्या मांडीवर तारेचा व्रण, मासे धरायच्या गळासारखा वाकडा. मानेजवळ गोचिडीचे तीन खड्डे एका ओळीत. मधली सगळी पाठ मात्र स्वच्छ. दुमडलं तर सुरकुत्या केसासारख्या. इतकं चांगलं कातडं माझ्या हाताखालून कधी गेलं नव्हतं.

एका ग्लोव्हचे सगळे तुकडे एकाच कातड्यातून काढायचे असतात, म्हणजे ते सारखेच ताणले जातात. मी भावाच्या मापाचे धारदार कडांचे पोलादी साचे पाठीवर मांडले, प्रेस खाली घेतला आणि तळहात, मागची बाजू, बोटं, सगळं कापून काढलं. भोकं पडलेलं उरलेलं कातडं खिळ्याला टांगून ठेवलं. पोटाचा भाग अस्तराला चालतो.

भावानं पहिल्या दिवशी दोनशे चेंडू झेलले. संध्याकाळी फोन केला. "ताई, चेंडू लागतोच कुठे?" तो संघात आला. आईनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या सामन्याची वेळ विचारली.

पुढच्या महिन्याच्या गठ्ठ्यात तेच कातडं आलं.

मांडीवर गळासारखा व्रण. मानेजवळ तीन खड्डे. अशी दोन जनावरं असू शकतात, असं मी स्वतःला बजावलं. पण पाठीवर बारीक रेघा होत्या, खिडकीच्या उजेडात तिरकं धरल्यावर दिसतील अशा. खिळ्यावरचं कातडं काढून मी त्याच्यावर पसरलं. प्रत्येक भोकाची कड खालच्या रेघेवर तंतोतंत बसली. तळहात, मागची बाजू, पाच बोटं.

मुकादम चहाचा कप घेऊन आले.

"हे कातडं मी मागच्या महिन्यात कापलंय," मी म्हटलं.

"एकासारखं दुसरं असतंच की, बाई."

"रेघेवरून बोट फिरवा."

त्यांनी फिरवलं. मग कप खाली ठेवला आणि पुन्हा फिरवलं.

"हे भरून आलंय," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे कापलं तेव्हा जनावर जिवंत होतं. आणि त्यानंतरही..." त्यांनी हात पँटला पुसला. "परत पाठवा हे."

कातडी कमावून पाठवणाऱ्या टॅनरीला मी फोन केला. तिथल्या माणसानं यादी वाचून दाखवली. मालात वेगळं काही नव्हतं.

मला भीती वाटली. पण भीती वाटली की मला राग येतो, हे माझं जुनं दुखणं आहे. त्या कातड्यानं माझ्या टेबलावर येऊन माझ्यावरच डोळे वटारायचे? भावाला हंगामासाठी दुसरा ग्लोव्ह हवाच होता. रेघांच्या शेजारी जागा होती, तिथे मी साचे मांडले आणि प्रेस खाली घेतला. मुकादम बाहेर जाऊन उभे राहिले. उरलेलं कातडं मी पहिल्याच्या शेजारी टांगलं.

तिसऱ्या महिन्यात ते पुन्हा आलं. मी त्याची वाटच बघत होते.

पाठीवर आता दोन ग्लोव्ह होते, दोन्ही भरून आलेले. टांगलेली दोन्ही कातडी मी एकेक करून त्याच्यावर पसरली. सगळं जुळलं. पण खांद्याकडे, मी कधीच न कापलेल्या जागी, तिसऱ्या ग्लोव्हच्या रेघा होत्या. तो व्रण पांढरा पडलेला होता, वर्षानुवर्षं जुना असावा तसा.

मी मांडणीवरचे सगळे साचे काढून लावून बघितले. तळहाताला भावाचाच साचा बसला. मागच्या बाजूलाही त्याचाच. मग बोटं मोजली.

अंगठा. तर्जनी. मधलं. करंगळी.

पुन्हा मोजली. असा साचा आमच्याकडे नाही. कोणाकडेच नसेल.

  मी लांब सुरी काढली.

"पाच बोटं आहेत त्याची," मी कातड्याला सांगितलं, मोठ्यानं. मुकादमांनी ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं. "पाचच राहतील."

शेपटाकडून मानेपर्यंत मी त्याच्या बोटभर रुंद वाद्या केल्या, त्या पांढऱ्या रेघांच्या आरपार. त्यातून कोणी कधी ग्लोव्ह काढू नये इतकं कापलं. टांगलेली दोन कातडीही कापली. सगळं बॉयलरच्या भट्टीत घातलं आणि झाकण लावून तिथेच बसून राहिले.

चौथ्या महिन्यात कातडं आलं नाही. पाचव्यातही नाही. गठ्ठ्यातलं शेवटचं कातडं उलटून झाल्यावर मी एकटीच हसले. भावाचा एकही सामना चुकला नव्हता. बोटाला साधी सूजही नव्हती. आईला मी ठणकावून सांगितलं, आता घोर सोड.

मागच्या रविवारी दुपारी भाऊ कारखान्यात आला. पहिल्या ग्लोव्हची वादी तुटली होती. खुशीत होता, कोणाची तरी नक्कल करून दाखवत होता. नवी वादी ओवण्याआधी मी सवयीनं ग्लोव्हमध्ये हात घातला.

चार बोटांच्या जागा घामानं गुळगुळीत झाल्या होत्या. करंगळीशेजारची जागा कोरडी होती. शिवताना टाकतो ती पांढरी पावडर अजून आत होती. माझ्या बोटाला लागून आली.

"हे बोट बाहेर ठेवतोस का?"

"कुठलं?"

"करंगळीशेजारचं."

"मधलं? आतच असतं." त्यानं ग्लोव्ह उलटा करून बघितला. "बरी आठवण केलीस. पुढच्या ग्लोव्हला हा एक कप्पा काढून टाक ना, ताई. रिकामाच राहतो. चार पुरेत मला."

त्याचा डावा हात टेबलावर होता. भर उजेडात पाच बोटं होती. मी मोजली.

"मोज," मी म्हटलं.

तो हसला. उजव्या हाताचं बोट एकेकावर ठेवत गेला. "एक, दोन, तीन," आणि मधल्या बोटावरून थेट करंगळीवर. "चार."

माझ्या भावाला थाप मारता येत नाही. लहानपणापासून त्याचे कान लाल होतात. मी कान बघितले. लाल नव्हते.

"चारच आहेत, ताई. जन्मापासून. तूच तर चिडवायचीस."

मी ते बोट धरलं. पूर्ण मुठीत, घट्ट. गरम होतं. दोनदा मोडलेल्या हाडाची गाठ माझ्या तळव्याला लागत होती.

त्यानं हात मागे घ्यायला बघितला. तो येईना. मग त्यानं माझ्या मुठीकडे बघितलं, आधी हसत, मग जरा वाकून.

"ताई, मुठीत काय धरलंयस?"

मी मूठ सोडली नाही.