लिफ्टपाशी थांबलेल्या काकू

बोरिवली पूर्वेच्या त्या नव्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर अजून एकच बिऱ्हाड आलं होतं, अनुपमा आणि सर्वेशचं. बाकीच्या फ्लॅटच्या दारांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

फेब्रुवारीतला रविवार. स्वतःच्या घरातली पहिली पार्टी, म्हणून अनुपमा सकाळपासून नुसती भिरभिरत होती. दहिसरच्या चाळीत पाहुणे आले की तिला गॅलरीत जाऊन उभं राहावं लागे, कारण आत जागाच उरत नसे. आता हा एवढा मोठा हॉल तिचा होता. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी, सगळं तिने हौसेने एकटीने रांधलं. येणाऱ्या प्रत्येकाला दारातच हसून ‘या’ म्हणायचं, असं तिने ठरवूनच टाकलं होतं.

पहिल्या आल्या वसुधाताई, मरोळच्या ऑफिसातल्या तिच्या सीनियर. त्यांच्या केसांत अबोलीचा ताजा गजरा होता.

"किती लाघवी आहेत गं तुझ्या काकू," आत येता येता त्या म्हणाल्या. "लिफ्टपाशी थांबल्यात बघ. गजरा माळला, गुडघा दुखतोय म्हणून हात धरून दारापर्यंत सोडलं. मी तर काही बोललेही नव्हते."

अनुपमाने बाहेर डोकावलं. पॅसेज रिकामा होता. सर्वेशकडचं कोणीतरी आलं असेल, खाली पाहुण्यांना आणायला गेलं असेल, असं वाटून ती आत वळली.

सर्वेशचा मित्र हर्षद आला तो हातात पितळी पेला घेऊनच. "काकूंनी कोकम सरबत दिलं. बिनसाखरेचं. माझ्या शुगरचं मी घरीपण सांगितलं नाहीये यार, यांना कोणी सांगितलं?"

अनुपमाच्या घरात पितळेचा एकही पेला नव्हता.

मग तिची धाकटी बहीण अपूर्वा आली. "ताई, काकूंनी माझी दृष्ट काढली," ती लाजून म्हणाली.

माणसं येत गेली आणि घर भरून गेलं. एरवी कोपरा धरून बसणारेही मोकळेपणाने हसत होते. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं टाळ्या देत होती. अनुपमाला तर हवेत तरंगल्यासारखं झालं. ज्या कोणी काकू आहेत, त्यांना आता बोलावून पोटभर जेवायला घालायचं, असं म्हणून ती पुन्हा पॅसेजमध्ये जाऊन आली. अबोलीची दोन फुलं जमिनीवर पडली होती, बाकी कोणी नव्हतं.

तिने सर्वेशला बाजूला घेतलं. "त्या काकू कोण रे?"

"अगं, तूच बोलावलंयस ना त्यांना?"

"मला वाटलं, तुझ्याकडच्या."

"कोणी का असेना. पार्टी झकास चाललीये ना?"

चालली होतीच. सगळे जेवतही होते. अनुपमा चमकली. तिने तर अजून वाढायला घेतलं नव्हतं.

स्वयंपाकघरात सांबाऱ्याचं पातेलं काठोकाठ भरलेलं होतं, डाव कोरडा. वड्यांच्या परातीवरचं फडकं तसंच. डबे मात्र कोणीतरी वेगळ्या क्रमाने लावले होते आणि त्या क्रमाने ते जास्त हाताशी येत होते.

ती हॉलमध्ये परतली. प्रत्येकाच्या ताटात वाफाळत्या पातोळ्या होत्या, हळदीच्या पानातल्या. फेब्रुवारीत बोरिवलीला हळदीची पानं कुठून मिळणार?

"कोणी वाढल्या या?" तिने विचारलं.

"काकूंनी," हर्षद म्हणाला आणि त्याने स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. ती तिथूनच आली होती.

अनुपमा उभीच राहिली.

"तुम्ही बसा ना," अपूर्वा म्हणाली. "उभ्या का?"

"अपू, तुम्ही काय गं?"

अपूर्वा ओळख नसल्यासारखं, पण आपुलकीने हसली आणि सरकून तिने सोफ्यावर जागा करून दिली.

सर्वेश ताट घेऊन आला. "घ्या ना. संकोच करू नका."

तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. थट्टा नव्हती. नव्यानेच भेटलेल्या माणसाबद्दल असतो तसा आदर होता.

तिला ओरडायचं होतं.

तिने पातोळीचा एक घास घेतला. गूळ, खोबरं, हळदीच्या पानाचा वास. इतकं मायेने तिला कोणी कधी वाढलं नव्हतं. तिने दुसरी घेतली. शेजारी बसलेल्या बाई काहीतरी गमतीचं सांगत होत्या. अनुपमा हसली, मग खूप हसली.

दिवेलागणीला ती उठली, तेव्हा तिच्या कपाळावर हळदीकुंकू होतं आणि ओढणीत नारळ. कोणी दिला, हे तिने विचारलं नाही. दाराबाहेर तिच्या चपला नीट जोडून ठेवल्या होत्या, लिफ्टकडे तोंड करून.

सर्वेश पोचवायला लिफ्टपर्यंत आला. "पुन्हा या हं."

"येईन ना," अनुपमा म्हणाली. तिला खरंच फार बरं वाटत होतं. "छान आहे घर तुमचं."