देवघरातला फोन

"माझी सून खोटं बोलत नाही, गप्प बसते. खोटं बोलणारीला पकडता तरी येतं," नरसुबाई गड्डम म्हणाल्या.

खासगी गुप्तहेर हुंडेकरी समोर बसून चहा पीत होता. दुसरा कप. त्याचा साथीदार दिगंबर भराभर लिहून घेत होता. काय, ते देव जाणे. या दोघांच्या फीपेक्षा त्यांच्या चहाचीच नरसुबाईंना जास्त धास्ती वाटू लागली होती.

भद्रावती पेठेतला गड्डमांचा टॉवेलचा कारखाना धनी वारल्यापासून नरसुबाईंच्या नावावर होता. जीएसटीचं रिटर्न दर महिन्याला सून श्रीलता भरायची. गेल्या खेपेच्या रिटर्नमध्ये एका अनोळखी व्यापाऱ्याच्या नावानं बिलं घुसली. मालाचा एक धागाही हलला नव्हता; पण बिलांवर दाखवलेला कर त्या व्यापाऱ्यानं आपल्या खात्यात वळता करून घेतला, आणि तो भरायची नोटीस आली नरसुबाईंना. बँकेतलं खातं गोठलं. माग थांबले.

"रिटर्न भरायला पासवर्ड लागतो," हुंडेकरी म्हणाला.

"तो ऑफिसातल्या कॅलेंडरवर लिहिलाय. मुनीम विसरतो."

"म्हणजे चोराला फोनवर येणारा ओटीपीच तेवढा हवा होता."

"फोन माझा. देवघरातल्या कपाटात असतो आणि किल्ली इथं." त्यांनी कमरेचा जुडगा वाजवला. "सून मागते, मी कपाट उघडते, आकडे वाचून दाखवते. अक्षरं मला येत नाहीत, आकडे येतात. फोन कुणाच्या हातात देत नाही. पण दुपारी माझा डोळा लागतो. तेवढ्यात काढली असणार किल्ली."

"बघितलंत का?"

"बघितलं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं? मला पुरावा दे. मग तिच्या आईबापांना मान वर करता येणार नाही."

दाराशी श्रीलताची बॅग उभी होती. माळ्यावरून नरसुबाईंनीच काढून ठेवली होती.

देवघरात नंदादीप तेवत होता. "अठरा वर्षं विझला नाही," नरसुबाईंनी न विचारता सांगितलं. कपाट उघडलं. खालच्या फळीवर तेलाची बाटली, तिला टेकून फोन. हुंडेकरीनं बाटली उचलली. फोन आडवा पडला. त्यानं तो पुन्हा उभा केला.

बाहेरच्या खोलीत नरसुबाईंच्या धाकट्या दिरांचा, इरय्यांचा, हार घातलेला नवा फोटो होता. त्यांना मूलबाळ नव्हतं. क्रियाकर्म नरसुबाईंच्या मुलानं, नागेशनं, केलं होतं. त्याच्या डोक्यावर केस आत्ता कुठे खुंटासारखे आले होते.

आधी मुनीम मल्लिनाथ आला. तो ओट्यावरच थांबला.

"आत या," हुंडेकरी म्हणाला.

"नको साहेब. वीस वर्षांत हा उंबरा ओलांडला नाही. अम्मा माझा चहाही बाहेर पाठवतात."

"आत घेतला तर तासभर उठत नाही हा," नरसुबाई म्हणाल्या.

मग जावई भास्कर बोद्धूल आला. सुताची दलाली करायचा; सासूसाठी पेढे आणले होते. अशा जावयाकडून सुनेनं काहीतरी शिकावं, असं नरसुबाईंना नेहमी वाटे.

"तुमच्या अत्तम्मांचा, म्हणजे सासूबाईंचा, फोन कुठे असतो?" हुंडेकरीनं विचारलं.

"मला काय माहीत? कधी बघितलाही नाही."

शेवटी श्रीलता.

"सुतक फिटल्यावर मी रिटर्न भरायला बसले, तर आधीच भरलेलं. वाटलं, अत्तम्मांनी दुसऱ्या कुणाकडून भरून घेतलं. माझ्यावर विश्वास नाही म्हणून."

"मग विचारायचंस ना," नरसुबाई फणकारल्या.

श्रीलता गप्प बसली. दिगंबरनं हुंडेकरीच्या कानात सांगितलं, "हीच. नजर खाली आहे बघ."

हुंडेकरीनं सगळ्यांना बसवलं. मुनीम ओट्यावरच राहिला.

"हे रिटर्न बारा तारखेला भरलं गेलं. त्या दिवशी या घरात काय होतं?"

"काकांचं सुतक," नागेश म्हणाला. "पाचवा दिवस."

"अम्मा, सुतकात देवाच्या कपाटाची किल्ली कमरेला होती?"

"मी काय अडाणी आहे, सुतकात देवाची किल्ली अंगावर ठेवायला?" नरसुबाई म्हणाल्या, आणि जुडग्यावरचा त्यांचा हात तिथंच थांबला.

"म्हणजे तुमच्या दुपारच्या झोपेत ती काढायचा प्रश्नच नाही. आता दुसरं. दहा दिवस घरच्या कुणी देवाला शिवायचं नाही. तरी दिवा विझला नाही."

"मग तेल कुणी घातलं?" दिगंबरनं विचारलं.

"आज पहिल्यांदा कामाचं बोललास. मुनीम उंबरा ओलांडत नाहीत. आत येणारा, पण सुतक नसलेला माणूस या घराला एकच. ज्याचं आडनाव वेगळं आहे."

नरसुबाईंना तेव्हा आठवलं. किल्ली त्यांनी स्वतः भास्करच्या हातात ठेवली होती. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नव्हतं, आणि देवाला तेल घालणाऱ्या जावयाला चोरांत धरायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"बाटली उचलली की फोन पडतो," हुंडेकरी भास्करला म्हणाला. "सरळ माणूस म्हणाला असता, तेलापाशी असतो. तुम्ही कधी बघितलाच नाही म्हणालात."

भास्करनं पेढ्यांचा पुडा उगाच सरकवला. "अत्तम्मा, धंदा बुडाला होता. तो व्यापारी म्हणाला, नुसती बिलं दाखवायची. दलाली देतो म्हणाला. कागदावरच तर आहे, असं वाटलं."

"जावईबापू, या साहेबांबरोबर जीएसटीच्या ऑफिसात जा. व्यापाऱ्याचं नाव तिथं सांगा," नरसुबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. "पेढे घेऊन जा."

तो गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं, फोन काढला आणि श्रीलताच्या हातात दिला.

"दोष तुझाही आहे. गप्प बसलीस. यापुढे मनात आलं की माझ्याशी भांडायचं, रोज लागलं तरी. फोन तुझ्याकडे, किल्ली माझ्याकडे. आणि ती बॅग माळ्यावर टाक, येताजाता पायात येते."