एक्कावन्न मिनिटांची घडी

ऋता चौबळनं भिंतीवरच्या पडद्यापासून पाच पावलं मोजली आणि जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीची फुली मारली.

पडदा पुरुषभर उंचीचा होता. त्यात एक खोली दिसत होती: एक खुर्ची, एक टेबल, आणि कडेच्या दोन चिमट्यांत अडकवलेली निळी सोलापुरी चादर. नीट पाहिलं तर ती अर्धीच होती. खुर्ची रिकामी होती. ती खोली गुरूच्या कॅलिस्टो नावाच्या चंद्रावर, कोल्हापूरच्या या स्टुडिओपासून त्र्याण्णव कोटी किलोमीटर दूर होती. चादरीची दुसरी अर्धी पडद्याच्या अलीकडच्या बाजूला, तशाच दोन चिमट्यांत लटकत होती.

नऊ वर्षांपूर्वी श्रीनिवास चौबळ तिकडच्या तळावर कालपाल, म्हणजे घड्याळं जुळती ठेवणारे, म्हणून निघाले, तेव्हा घरची चादर वजनाच्या मर्यादेत बसेना. त्यांनी ती सरळ मधोमध कापली. अर्धी त्यांच्याबरोबर गेली, अर्धी ऋताकडे राहिली.

ऋता एकोणचाळीस वर्षांची. ग्रंथालयातल्या नोकरीतून वर्षभराची रजा काढून ती चित्रपटाच्या अभ्यासक्रमाला आली होती. वर्गातली बाकीची मुलं तिच्या निम्म्या वयाची. गटानं तीन मिनिटांचा चित्रपट करायचा होता. तिच्या गटात दिग्दर्शनाला फरहान मुजावर होता आणि कॅमेऱ्याला जुई थोरवे. विषय ऋतानंच सुचवला होता. एक बाप आणि एक मुलगी मिळून चादरीची घडी घालतात. तो गुरूजवळ, ती पृथ्वीवर. पडद्याचे दोन भाग, मधोमध कापलेल्या कडा एकमेकींना भिडलेल्या. बघणाऱ्याला एकच चादर दिसावी.

"नाव 'घडी' ठेवू," फरहान म्हणाला होता. "चादरीची पण आणि वेळेची पण. ढवळे मॅडमना असलं लई आवडतं."

खरी अडचण पुढं आली. दोघांनी नेमकं एकाच वेळी सुरू कसं करायचं?

दोन कॅमेऱ्यांची चित्रं नंतर जुळवता यावीत म्हणून सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवतात. दोन्हीकडची टाळी एकमेकींवर ठेवली की पुढचं सगळं आपोआप जुळतं. पण इथं दोन टाळ्यांच्या मध्ये प्रकाशविलंब होता. गुरू सध्या सूर्याच्या जवळजवळ पलीकडे गेला होता. तिथून निघालेला प्रकाश इथं यायला एक्कावन्न मिनिटं चाळीस सेकंद लागत होते.

यावर ऋताचे वडील आणि संकलन शिकवणाऱ्या ढवळे मॅडम यांच्यात दोन आठवडे वाद चालला. एकानं वाक्य बोलायचं आणि उत्तराची पावणेदोन तास वाट पाहायची, अशा चालीनं. गटातली पोरं मध्ये जेवून यायची.

"चौबळसाहेब," मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "संकलनाच्या टेबलावर 'आत्ता' एकच असतो. बघणाऱ्याला दिसतो तो. तुमचं चित्र आधी मागवू, ऋता ते बघत घडी घालेल. प्रश्न मिटला."

पावणेदोन तासांनी पडद्यावर चौबळ चष्मा पुसताना दिसले. सडपातळ, पांढरे केस अगदी बारीक कापलेले.

"मॅडम, मला इथं ठेवलंय तेच याच्या उलटं सांगायला. मी पृथ्वीकडे एक ठोका पाठवतो. तो पोचल्यापोचल्या उलट फिरतो. जाण्यायेण्याला एकशे तीन मिनिटं वीस सेकंद. त्याचं निम्मं केलं की माझा ठोका तुमच्याकडे कधी पोचला ते कळतं. अशी दोन्हीकडची घड्याळं जुळवलीत. इथं अकरा वाजले की तिथंही अकरा. हा समकाल. तो दिसत नाही, मोजून काढावा लागतो. तुम्ही म्हणता त्या पद्धतीनं ऋता माझ्या 'मघाशी'बरोबर घडी घालेल. आम्ही दोघं बरोबर होतो असं मी तरी म्हणणार नाही."

"म्हणजे दिसतं ते खोटं?"

"खोटं नाही, शिळं. पण त्यातही एक गंमत आहे. त्याहून ताजं काही मिळतच नाही. प्रकाशाच्या पुढं बातमी धावत नाही. तुम्हाला माझं जे चित्र दिसतंय, त्याच्यानंतर माझं काय झालं हे पृथ्वीवर कुणालाही, कुठल्याही यंत्रानं कळायचं नाही. नियमच तसा आहे. मला नऊ वर्षं झाली, तरी सकाळी दिवस सुरू करताना अजून अंगावर काटा येतो."

जुईनं हळूच ऋताला विचारलं, "ताई, तुमचे बाबा घरी पण असंच बोलायचे?"

"घरी कमी बोलायचे. चादर झटकताना 'ओढ' म्हणायचे, तेवढंच."

ऋताचं म्हणणं मॅडमसारखंच होतं. समोर रिकामी खुर्ची असताना घडी कुणाबरोबर घालायची? लहानपणापासून चादरीच्या पलीकडच्या टोकाला बाबा असायचे. त्यांचे हात बघूनच तिचे हात हलायचे. तिनं तसं सांगून पाहिलं. उत्तर आलं, "भरवसा ठेव. मी असेनच."

तो भरवसा ठेवणं सोपं नव्हतं. कॅलिस्टोवर वजन आठव्या हिश्श्याचं. चौबळांचं हृदय त्याला सरावलं होतं आणि आता थकलंही होतं. परतीच्या यानाचा धक्का त्याला सोसणार नाही, असं तळावरच्या डॉक्टर सामंतांनी कळवलं होतं. गेल्या महिन्यात त्यांनी ऋताला वेगळा संदेश पाठवला, त्यात आठवड्यांची भाषा होती. आणि उद्यापासून गुरू सूर्याच्या झोतात शिरणार होता. तीन आठवडे चित्र नाही, आवाज नाही.

"पंचांगात गुरूचा अस्त लागतोय," चौबळ हसून म्हणाले होते. "लग्नंही बंद आणि मीही बंद."

ते तीन आठवडे संपतील तेव्हा पलीकडे कोणी असेल का, हे दोघांपैकी कुणीच बोललं नव्हतं. घडी आजच घालायला हवी होती.

काल संध्याकाळी ऋतानं माघार घेतली. तिनं कळवलं, "बाबा, तुमच्या घड्याळानं करू. सकाळी अकराला मी टाळी वाजवीन. समोर कोणी नसलं तरी चालेल."

उत्तर तीनच शब्दांचं आलं होतं. "बरं. अकरा. झोप."

आणि आता अकराला तीन मिनिटं होती.

"ताई, पडदा बंद करू?" फरहाननं विचारलं. "रिकामी खुर्ची बघून तुमचं लक्ष जाईल."

"राहू दे. कुठं बघायचं ते तरी कळेल."

"त्यांचा टेक आपल्याला अकरा एक्कावन्नला दिसणार ना?"

"हो."

"म्हणजे तोवर जमलं का नाही कळणारच नाही. कसलं हे शूटिंग."

"फरहान, गप. तुझा आवाज येतोय माईकमध्ये," जुई म्हणाली.

अकराला एक मिनिट असताना पडद्यातल्या खोलीचं दार उघडलं आणि श्रीनिवास चौबळ आत आले.

फरहाननं आधी घड्याळाकडे पाहिलं, मग पडद्याकडे. चौबळ खाली वाकले, चादरीची मोकळी टोकं उचलली, एका मुठीत धरली आणि आपल्या फुलीवर जाऊन उभे राहिले. इस्त्री केलेला सदरा. डोळे थेट समोर.

"हे आत्ता कसे आले?" जुई कुजबुजली.

ऋतानं घड्याळ पाहिलं. तिला कळलं होतं. ती आपली टोकं उचलून फुलीवर गेली. आयुष्यभर समकालाची राखण केलेल्या माणसानं आपली टाळी एक्कावन्न मिनिटं चाळीस सेकंद आधी वाजवायचं ठरवलं होतं. ती तिच्या डोळ्यांपर्यंत अकराला पोचावी म्हणून.

"दहा सेकंद," फरहान म्हणाला.

चौबळांनी हात वर केले. ऋतानंही केले.

एकच आवाज झाला. ध्वनिपट्टीवर नंतर त्यांनी पाहिलं, दोन टाळ्यांमध्ये एका सेकंदाचा दहावा हिस्साही नव्हता.

मग त्यांनी चादर झटकली. पलीकडे कापडाची लाट सावकाश उठली, हवेत लांबली आणि पाण्यात उतरावी तशी खाली आली. अलीकडे ती चटकन खाली आली असती, पण ऋताचे हात आपोआप मंदावले. दोघं मनात एकच आकडे मोजत होते, तिच्या चौथ्या-पाचव्या वर्षापासूनचे. एक, दोन, टोकाला टोक. कापलेल्या कडा पडद्याच्या काठावर भिडल्या होत्या. जुईच्या कॅमेऱ्यात शिवण दिसत नव्हती. एकच निळी चादर होती, आणि तिच्या मध्यावर कुठंतरी सूर्य होता.

"ओढ," चौबळ म्हणाले.

ऋतानं ओढलं. दोन्हीकडच्या सुरकुत्या एका क्षणी गेल्या.

मग दोघं एकमेकांकडे चालत आले. पाच पावलं. तिचा हात काचेला टेकला. काचेच्या पलीकडे त्यांचा हात होता, नखं व्यवस्थित कापलेला, शिरा वर आलेला. फरहाननं 'कट' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

चौबळांनी आपली घडी टेबलावर ठेवली.

"ऋता, तुला समोर कोणी हवं होतं ना," ते म्हणाले. "तू माझं घड्याळ मान्य केलंस, मग मी तुझं करायला नको? माझ्याकडे आत्ता दहा वाजून बारा मिनिटं झालीत. तू मघाशी काय केलंस ते मला माहीत नाही, पण बहुतेक जमलं असावं. दोघांत तूच घाईची, मी तुझ्या मापानं मोजलं." ते थोडं थांबले, श्वास घेतला. "ढवळे मॅडमना सांग, अकराला दुसरा टेक देतो. घड्याळाबरहुकूम. कॅमेरा लावून ठेवलाय. दोन्ही असू देत, कुठला ठेवायचा ते तुम्ही ठरवा. तोवर पडतो जरा."

ते दाराकडे गेले. कॅलिस्टोवरची त्यांची चाल तरंगती होती, तरुण माणसासारखी.

स्टुडिओत सगळ्यांनी चहा घेतला. फरहान पुन्हा पुन्हा टाळी पाहत होता. "असला टेक कुणाच्या बापाला मिळणार नाही," तो म्हणाला आणि लगेच ओशाळला. ऋता हसली. किती दिवसांनी, हे जुईच्या लक्षात आलं.

अकरा चव्वेचाळीसला डॉक्टर सामंतांचा संदेश आला. श्रीनिवास चौबळ तळाच्या वेळेनुसार दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी झोपेतच गेले. त्रास झाला नाही.

जुईनं हातातला कप खाली ठेवला. मग ऋता खुर्चीवरून उठली आणि पडद्यासमोर फुलीवर जाऊन उभी राहिली.

अकरा एक्कावन्नला, चाळिसाव्या सेकंदाला, चौबळांच्या अकरा वाजताची खोली इथं पोचली. खुर्ची. टेबल. टेबलावर निळी घडी. टाळी वाजली नाही. तीन मिनिटं ती खोली तशीच दिसत राहिली आणि ऋता तिच्याकडे बघत राहिली.

*

महिन्याभरानं ढवळे मॅडमच्या खोलीत जुळवणीला सुरुवात झाली. जुळणीयंत्रात दोन्हीकडची चित्रं घातली, तेव्हा त्यानं आपणहून प्रत्येक चौकटीवरची वेळ वाचली आणि समकाल लावला. ते तसंच शिकवलेलं होतं. उजवीकडे अकरा वाजता ऋता टाळी वाजवत होती. डावीकडे अकरा वाजता टेबलावर घडी पडून होती. ऋता चादर झटकत होती, ओढत होती, कुणाकडे तरी बघत पुढं येत होती. डावीकडे काहीच हलत नव्हतं.

"त्यांच्या हिशेबानं हे बरोबर आहे," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "तू टाळी वाजवलीस तेव्हा ते तेरा मिनिटं आधी..."

"हो."

"आपण ठरल्याप्रमाणे केलं असतं तर एवढंच हाती राहिलं असतं."

ऋता दोन्ही चौकटींकडे बघत होती. "मॅडम, त्या दिवशी मी डॉक्टरांना एकच विचारलं. मी टाळी वाजवली तेव्हा बाबा होते का नव्हते. त्यांनी घड्याळ सांगितलं. मग मी बाबांचे जुने संदेश पुन्हा ऐकले. त्यांचं चित्र दिसतंय त्याच्या पुढचं कुणालाही, कुठल्याही यंत्रानं कळत नाही. अकरा वाजता सगळ्या पृथ्वीवर त्यांच्याविषयी सर्वांत ताजी गोष्ट एकच होती. ते टाळी वाजवत होते."

"मग कोणतं खरं धरायचं?"

"घड्याळाचं खरंच आहे. ते खोडायचं नाही, चित्राच्या खाली नोंदीत राहू दे." तिनं हात पुढं करून डावीकडचं चित्र पकडलं आणि एक्कावन्न मिनिटं चाळीस सेकंद सरकवलं. "बाबांना पण ते माहीत होतं. तरी त्यांनी हे केलं."

टाळीवर टाळी बसली. निळी चादर एक झाली.

जुईच्या मांडीवर शॉटची नोंदवही होती. दृश्य एक, टेक एक. स्थळाच्या रकान्यात तिनं कोल्हापूर आणि कॅलिस्टो दोन्ही लिहिलं होतं. पुढचा रकाना महिनाभर कोरा होता.

"ताई," तिनं विचारलं, "वेळ काय लिहू? दहा आठ, का अकरा?"

पडद्यावर चौबळांनी चादरीची टोकं धरली होती आणि डोळे समोर लावले होते.

"'आत्ता' लिही," ऋता म्हणाली.