काचेच्या आतला डाग

"सही करणार नाही," व्हर्ना टोलेफसन म्हणाली आणि पेन मेरिट ओक्सच्याच खिशात खोचून टाकलं.

मेरिट जुन्या मोटारसायकलींच्या क्लबचा अध्यक्ष. माफीनाम्याचा कागद त्याने डाव्या अंगठ्याने तिच्या दुरुस्तीच्या टेबलावर दाबून धरला होता. अंगठ्यावर जुना तिरका व्रण होता.

"जेवणाची घंटा होईपर्यंत सही, नाहीतर टेबल उचला. सभासदत्वही गेलं. मग अध्यक्षपदाची निवडणूकही नाही लढवता येणार."

"तुमच्या वडिलांनीही मला दारातूनच परत पाठवायला पाहिलं होतं. मी अजून इथेच आहे."

व्हर्नाचा जुना मित्र बर्ल क्लबच्या या मेळाव्याला दरवर्षी यायचा. यंदा त्याने शेजारीण थिया लिंडक्विस्टला मुद्दाम आणलं होतं. ती खाजगी तपासाची कामं करायची; त्याआधी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. बर्लला दोन्हींतलं काही कळत नसे, पण व्हर्ना खोटं बोलत नाही एवढं त्याला ठाऊक होतं.

या क्लबात मान होता तो सर्वांत जास्त मैल चाललेल्या गाडीला. ड्वेन ऑसेनच्या गाडीचा स्पीडोमीटर व्हर्नाने गेल्या वर्षी दुरुस्त केला, तेव्हा त्यावर अडतीस हजार मैल होते. आता अठ्ठ्याऐंशी हजार. मेरिटने अडतीस हजारांचा जुना फोटो काढून दाखवला, आणि आकडे वाढवल्याचं बोट व्हर्नाकडे वळलं.

"तुम्ही हे बंद कसं करता?" थियाने तिला विचारलं.

"काच धुते, सुती हातमोजे घालून बसवते. नवा रबरी वायसर. मग धातूच्या रिंगची कड रोलरने दुमडते. हत्याराशिवाय उघडून दाखवावं कुणीही."

"गोंद?"

"गोंद लावणाऱ्याला मी टेबलाशी उभं करत नाही. त्याच्या वाफेने आतून सगळं पांढरं पडतं."

ड्वेन गाडीपाशीच होता. कान लाल झाले होते.

"माझी शेड गळते. हिवाळाभर गाडी आणि दुरुस्त स्पीडोमीटर ठेवलेला डबा दोन्ही मेरिटच्या गॅरेजात होते. मे महिन्यात स्पीडोमीटर गाडीवर मीच बसवला. वाटलं, व्हर्नाकडून चुकून आकडे फिरले. सांगायला हवं होतं... पण आकडा बघून मोह झाला."

"लाज वाटू दे जरा," बर्ल म्हणाला.

"वाटतेय ना! आणि हा डाग बघ. महिनाभर पुसतोय, जात नाही."

काचेच्या कडेला बोटाएवढा पांढुरका डाग होता. बर्लने तो बाहीने घासला, मग थुंकी लावून घासला.

"हट्टी आहे."

"पुरे, बर्ल," थिया म्हणाली. तिचे डोळे चमकले.

थियाने गाठलं तेव्हा मेरिट कॉफी पीत होता. "डबा बंद होता, बंदच राहिला. मी हातही लावला नाही."

"नक्की?"

"शपथेवर सांगतो."

घंटा झाली. ताटं घेऊन निघालेली माणसं व्हर्नाच्या टेबलाभोवती थांबली. थियाने ड्वेनकडून स्पीडोमीटर काढून घेतला होता. तिने रिंगखाली नख घातलं. कट् आवाज झाला आणि रिंग निघून आली.

"हत्यार लागलं नाही. म्हणजे व्हर्नाने दुमडलेली कड कुणीतरी आधीच उघडलीय आणि परत सुपरग्लूने चिकटवलीय. त्या गोंदाची वाफ माणसाच्या बोटाच्या तेलकटपणावर बसते आणि पांढरी होते. पोलीस ठसे उठवायला हीच वाफ वापरतात. बर्ल, तुझ्या थुंकीने डाग का गेला नाही?"

बर्लने क्षणभर विचार केला. "आतून आहे म्हणून!"

"शाब्बास. गोंद लावण्यापूर्वी कुणीतरी काचेला आतून अंगठा लावला. व्हर्ना हातमोजे घालते. ड्वेनने आतला डाग महिनाभर बाहेरून पुसला. आपण तो कसा उमटवला हे माहीत असणारा माणूस असं करत नाही. राहिला ज्याच्या गॅरेजात डबा होता तो." तिने काच उजेडात धरली. ठशाच्या रेषा मधूनच तिरक्या कापल्या होत्या. "मेरिट, डावा हात इथे ठेवा."

मेरिटने हात खिशात घातला.

"डबा बंदच होता म्हणालात. व्हर्नाचं सभासदत्व गेलं की निवडणुकीत तुमच्याविरुद्ध उभं राहणारं कुणी उरलं नसतं, नाही का?"

मेरिट कागदाकडे हात नेत पुटपुटला, "मी... मी केलं असं लिहून देतो. सही करतो."

"सही राहू द्या," व्हर्ना म्हणाली. "तुमचा अंगठा मिळालाय आम्हाला."

तिने माफीनामा उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर अध्यक्षपदाची उमेदवारी लिहिली आणि खाली ठळक सही ठोकली. मग ड्वेनला हाक मारली.

"ये इकडे. आकडे जिथे होते तिथे नेऊ. नवी काच घालते."

"आणि ही जुनी?"

व्हर्नाने ती काच स्वतःच्या नावाच्या पाटीशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी उभी केली.

"ही मेळावा संपेपर्यंत इथेच राहील. कुणी पुसायची नाही."